दोन समुद्रांना पाणी देणारी दलदल : ओकेफेनोकी अभयारण्याची वाटचाल

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, फ्लोरिडाच्या सीमेला लागून, ओकेफेनोकी ही अवाढव्य दलदल पसरली आहे. तिचे क्षेत्र सुमारे ४,३८,००० एकर, म्हणजे जवळपास १,७७० चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईच्या सुमारे तिप्पट. या दलदलीचा बहुतेक सगळा भाग आज ओकेफेनोकी राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य या संस्थेच्या ताब्यात आहे. ३० मार्च १९३७ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ७५९३ क्रमांकाच्या आदेशावर सही केली आणि हे अभयारण्य अस्तित्वात आले. आता ते नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. दोन नद्यांची उगमस्थाने, त्यांचे काळे पाणी आणि त्या पाण्यावर जगणारी सृष्टी सांभाळण्याचे काम ही संस्था इतकी वर्षे निष्ठेने करत आली आहे. ते काम समजून घ्यायचे तर आधी या भूमीची घडण पाहावी लागते.

भूमी आणि पाणी

अटलांटिकचा किनारा प्राचीन काळी आजच्यापेक्षा बराच आत होता. त्या किनाऱ्यावर लाटा-वाऱ्यांनी वाळूची एक लांबलचक वरवंडी रचली. समुद्र मागे हटला, वरवंडी राहिली. तिलाच आज ट्रेल रिज म्हणतात. दलदलीच्या पूर्वेला ती बांधासारखी उभी आहे. तिच्या पश्चिमेच्या उथळ खोलगटात पावसाचे पाणी साचत गेले, वनस्पती वाढल्या, पाण्यात पडून अर्धवट कुजल्या आणि हजारो वर्षांत त्यांचे थर एकावर एक बसले. हे पीटचे थर काही ठिकाणी पंधरा फुटांपर्यंत जाड आहेत.

या पाण्याला काळे पाणी म्हणतात ते त्याच्या रंगामुळे. ओंजळीत घेतले तर ते कोऱ्या चहासारखे तांबूस दिसते; दोन-तीन फूट खोलीवर मात्र काळेभोर होते आणि काठावरचे सायप्रस वृक्ष त्यात जसेच्या तसे उमटतात. कुजणाऱ्या पाल्यातून सुटणारी टॅनिनसारखी द्रव्ये हा रंग देतात. पाणी घाण नसते. त्यात गाळ फारच थोडा, क्षार जवळजवळ नाहीत, आणि आम्लता इतकी की त्याचा सामू चारच्या आसपास राहतो. डोंगरातून येणाऱ्या नद्या माती वाहून आणतात, म्हणून त्यांचे पाणी गढूळ असते. किनारपट्टीच्या सपाट, वालुकामय मैदानात उगम पावणाऱ्या नद्यांना आणायला माती नसते आणि धावायला उतार नसतो. त्या दलदलीतून सावकाश पाझरत निघतात आणि जाताना पालापाचोळ्याचा अर्क सोबत नेतात.

ओकेफेनोकीतून अशा दोन नद्या निघतात आणि दोन वेगळ्या समुद्रांना मिळतात. दलदलीचे बहुतेक पाणी नैर्ऋत्येला, फार्गो या गावाकडे उतरते आणि सुवानी नदी होते. सुमारे अडीचशे मैल वाहून ती मेक्सिकोच्या आखातात पोहोचते. आग्नेय भागातले थोडे पाणी सेंट मेरीज नदीला मिळते. ट्रेल रिजची वाळू आडवी आल्यामुळे ही नदी आधी दक्षिणेला जाते, मग पूर्वेला वळते, पुन्हा उत्तरेला चढते आणि शेवटी पूर्वेकडे वळून कंबरलँड व अमेलिया या बेटांमधून अटलांटिकला मिळते. सरळ रेषेत समुद्र जवळ असूनही तिला सुमारे १३० मैलांची वाट चालावी लागते. उत्तर फाटा, मधला फाटा आणि दक्षिण फाटा असे तिचे तीन वरचे प्रवाह असून तिन्हींचे पाणी काळेच आहे.

सुवानीचा परिवार मोठा आहे. दक्षिण जॉर्जियातून येणारी अलापाहा ही तिची काळ्या पाण्याची उपनदी. फ्लोरिडात शिरल्यावर, पाणी कमी असते तेव्हा, ती चुनखडीतल्या विवरांत गडप होते आणि पात्र कोरडे पडते. त्यापुढे विथलाकूची येऊन मिळते. आणखी खाली सांता फे मिळते. तीही वाटेत जमिनीखाली जाते आणि सुमारे तीन मैलांनी पुन्हा वर येते. सांता फेला मिळणारी इचेटकनी तर झऱ्यांवरच जगते आणि तिचा तळ स्वच्छ दिसतो. हे झरे जसजसे वाढतात तसतसा सुवानीचा स्वभाव बदलतो. उगमाशी आम्ल आणि काळी असलेली नदी मुखाकडे जाताना चुनखडीच्या पाण्याने सौम्य होते. एवढ्या लांबीच्या या नदीवर एकही मोठे धरण नाही. तिच्या पाण्याची सुरुवात मात्र ओकेफेनोकीत आहे, आणि ती सुरुवात निर्मळ ठेवणे हेच अभयारण्याचे मूळ कार्य आहे.

स्थापनेपूर्वीचा काळ

या भूमीत शतकानुशतके मूलनिवासी लोक राहिले; मस्कोगी (क्रीक) समाज तिला आजही आपल्या पूर्वजांची भूमी मानतो. पुढे सेमिनोल लोकांनी दलदलीतल्या बेटांचा आसरा घेतला. १८३८ साली जनरल चार्ल्स फ्लॉइड यांच्या सैन्याने दलदल ओलांडून त्यांचा पाठलाग केला. त्याआधी, १८०० साली, अँड्र्यू एलिकट या भूमापकाने सेंट मेरीजचा उगम निश्चित करण्यासाठी दलदलीच्या काठावर मातीचा एक ढिगारा उभारला होता. अमेरिका आणि स्पेन यांची सरहद्द या उगमावरून ठरायची होती. दलदलीच्या काठी नदी नेमकी कुठे सुरू होते हे सांगणे किती अवघड, याचा प्रत्यय तेव्हाच आला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोऱ्या शेतकऱ्यांची कुटुंबे बेटांवर आणि काठांवर स्थिरावली. बिलीज आयलंडवर ली कुटुंब, तर चेसर आयलंडवर चेसर कुटुंब. मका, रताळी, ऊस, गुरे, डुकरे, मधमाश्या आणि शिकार यांवर त्यांचा निर्वाह चाले. दलदलीच्या वाटा, पाण्याची चढउतार आणि प्राण्यांच्या सवयी त्यांना मुखोद्गत होत्या. पुढच्या सगळ्या अभ्यासकांनी त्यांच्याकडूनच शिकायला सुरुवात केली.

१८९१ साली सुवानी कॅनॉल कंपनीने जॉर्जिया राज्याकडून ही दलदल विकत घेतली. अटलांटाचे वकील हॅरी जॅक्सन कंपनीचे प्रमुख होते. ट्रेल रिज फोडून पाणी सेंट मेरीजमध्ये सोडायचे, दलदल कोरडी करायची, लाकूड विकायचे आणि मोकळ्या जमिनीवर शेती करायची, असा बेत होता. वाफेवर चालणाऱ्या खोदयंत्रांनी दलदलीत सुमारे बारा मैल कालवा कोरला. वाळूच्या वरवंडीत मात्र काम अडले. खणलेले काठ पावसाने आणि पाझराने पुन्हा पुन्हा ढासळत राहिले. १८९५ मध्ये जॅक्सन यांचे निधन झाले आणि थोड्याच काळात कंपनीही बुडाली. लोकांनी त्या कालव्याला जॅक्सनचा वेडेपणा असे नाव ठेवले. आज अभयारण्याच्या पूर्व प्रवेशद्वाराशी पर्यटकांच्या होड्या त्याच कालव्यातून आत जातात.

दुसरा घाव जास्त खोल होता. १९०१ साली फिलाडेल्फियाच्या चार्ल्स हेबार्ड यांनी दलदल विकत घेतली आणि १९०९ पासून हेबार्ड सायप्रस कंपनीने तोड सुरू केली. पाण्यात लाकडी खांब ठोकून त्यावर रेल्वेचे रूळ टाकले गेले. बिलीज आयलंडवर सुमारे सहाशे लोकांची वस्ती उभी राहिली. तिथे दुकान, शाळा, चित्रपटगृहसुद्धा होते. ली कुटुंबाला मात्र बेट सोडावे लागले. १९२७ पर्यंत शेकडो वर्षांचे सायप्रस वृक्ष मोठ्या संख्येने कापून नेले गेले. लाकूड संपल्यावर वस्ती उठली. गंजलेली यंत्रे, पाण्यातले खांब आणि एक छोटे कब्रस्तान एवढेच मागे राहिले.

स्थापना

तोड चालू असतानाच रक्षणाचा विचार रुजत होता. १९१२ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासगटाबरोबर फ्रान्सिस हार्पर हा तरुण निसर्गअभ्यासक दलदलीत आला आणि पुढे वर्षानुवर्षे येत राहिला. पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या नोंदींबरोबर त्याने इथल्या कुटुंबांची बोली, गाणी, शिकारीच्या कथा आणि हाळ्यासुद्धा टिपून ठेवल्या. या टिपणांवर आधारलेले पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९८१ साली, डेल्मा प्रेस्ली यांच्या सहकार्याने प्रसिद्ध झाले. जवळच्या वेक्रॉस गावातही दलदल वाचवण्यासाठी नागरिक एकत्र आले आणि १९१८ मध्ये ओकेफेनोकी सोसायटी स्थापन झाली. पैसा नव्हता, कायदा नव्हता, आणि समोर लाकडाचा चालू धंदा होता. तरी त्यांनी मागणी सोडली नाही.

निर्णायक पाऊल पडले ते एका पत्रामुळे. फ्रान्सिस यांच्या पत्नी जीन शेरवूड हार्पर यांनी पूर्वी रूझवेल्ट यांच्या मुलांना शिकवले होते. १९३३ साली दलदलीतून अटलांटिक आणि आखात यांना जोडणारा जहाजी कालवा काढण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा त्यांनी थेट अध्यक्षांना पत्र लिहिले आणि या कालव्याने दलदलीचा कसा नाश होईल हे मांडले. जहाजी कालवा झाला नाही. १९३६ मध्ये संघराज्य सरकारने हेबार्ड यांची जमीन खरेदी केली आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये अभयारण्याची अधिकृत स्थापना झाली.

पहिले व्यवस्थापक जॉन हॉपकिन्स यांची नेमणूक अर्थपूर्ण होती. लाकूड कंपनीच्या नोकरीत त्यांनी ही दलदल पायाखाली घातली होती. आता तिच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर आली. सुरुवातीची अंगमेहनत नागरी संवर्धन दलाच्या तरुणांनी केली. त्यांत कृष्णवर्णीय तरुणांची एक स्वतंत्र तुकडी होती. वंशभेदाच्या त्या काळात त्यांना वेगळ्या छावणीत राहावे लागे. रस्ते, इमारती, टेहळणीचे मनोरे आणि वृक्षलागवड या कामांत त्यांचा घाम आहे. अभयारण्याच्या इतिहासात त्यांचे ऋण आज आवर्जून सांगितले जाते.

स्थापनेची किंमतही कुणीतरी मोजली. शिकारीवर बंदी आली, गुरे मोकळी सोडणे थांबले आणि पिढ्यान्पिढ्या दलदलीवर जगलेल्या कुटुंबांना जगण्याची रीत बदलावी लागली. चेसर कुटुंबातले शेवटचे रहिवासी १९५८ मध्ये बेटावरून गेले. त्यांचे घर अभयारण्याने जपले आहे. पिवळ्या पाइनच्या फळ्यांचे घर, ऊस गाळायचा चरक, काकवीची कढई, आणि साप व वणवा दूर राहावा म्हणून गवताचे पातेही न ठेवता झाडून लख्ख केलेले पांढऱ्या वाळूचे अंगण. ते पाहताना या माणसांचे ज्ञान आणि कष्ट दोन्ही समजतात.

वणवे आणि बंधारा

१९४६ मध्ये वेक्रॉसजवळ ओकेफेनोकी स्वॅम्प पार्क ही स्थानिक लोकांची ना-नफा संस्था सुरू झाली आणि १९५४ मध्ये पश्चिमेकडे जॉर्जिया राज्याचे एक उद्यान खुले झाले. लोक येऊ लागले होते. अशा वेळी १९५४-५५ च्या दीर्घ अवर्षणात दलदलीला आग लागली आणि तिच्या बहुतांश भागातून ती फिरली. आजूबाजूच्या पाइनच्या बागाही जळाल्या. पाणी कमी झाले म्हणून आग लागली, तेव्हा पाणी अडवले पाहिजे, असा निष्कर्ष त्या वेळी निघाला. सुवानी नदी जिथे दलदलीबाहेर पडते तिथे १९६० च्या सुमारास सुमारे पाच मैल लांबीचा मातीचा बंधारा बांधण्यात आला.

पुढच्या चार दशकांत पाण्याच्या पातळ्या आणि वनस्पतींच्या नोंदी साठत गेल्या. बंधाऱ्याचा परिणाम दलदलीच्या लहानशा भागापुरताच होतो आणि मोठ्या अवर्षणात त्याचा उपयोग होत नाही, हे त्यांतून दिसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आग ही दलदलीची गरज आहे हे स्पष्ट झाले. अवर्षणात पीटचा वरचा थर जळतो, तिथे खळगा होतो, पाऊस आल्यावर त्यात पाणी साचते आणि मोकळे जलाशय व पाणगवताची मैदाने तयार होतात. इथे त्यांना प्रेअरी म्हणतात. आग लागलीच नाही तर झुडपे वाढतात, पीट साठते आणि उघडे पाणी नाहीसे होते. अभयारण्याने हा धडा मोकळेपणाने स्वीकारला. बंधाऱ्याचे दरवाजे उघडण्यात आले आणि सुवानीचे पाणी पुन्हा आपल्या चालीने वाहू लागले.

दलदल स्वतःची जमीन कशी घडवते, हे प्रेअरीत जवळून पाहता येते. तळाच्या पीटमध्ये कुजण्याने मिथेन वायू साठतो आणि एखादा थर तळापासून सुटून वर तरंगतो. त्यावर आधी गवत उगवते, मग झुडपे, आणि अखेर सायप्रसची रोपे. मुळे खाली पोहोचली की बेट स्थिर होते. त्याआधी त्यावर पाऊल टाकले तर पायाखालची जमीन थरथरते आणि जवळची झुडपेही हलतात. घटपर्णींसारख्या कीटकभक्षी वनस्पती अशा नापीक, आम्ल जागीच फुलतात, कारण मातीत न मिळणारे नत्र त्या किड्यांकडून मिळवतात.

मान्यता आणि शेजार

१९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अभयारण्यातील सुमारे ३,५४,००० एकर क्षेत्राला वन्यप्रदेशाचा दर्जा दिला. तिथे रस्ता नाही आणि पक्के बांधकाम नाही. डिसेंबर १९८६ मध्ये ओकेफेनोकीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. महाराष्ट्रातील नांदूरमधमेश्वर २०१९ साली, लोणार २०२० साली, तर ठाण्याची खाडी २०२२ साली याच यादीत आली. त्या अर्थाने ओकेफेनोकी हे आपल्या पाणथळ जागांचे वडीलधारे भावंड आहे.

दर्जा मिळाला तरी दलदल एकटी टिकत नाही, हे संस्थेला ठाऊक होते. १९९४ मध्ये भोवतालचे जमीनमालक, लाकूड कंपन्या, राज्यांची वनखाती आणि अभयारण्य एकत्र आले आणि जमीनमालकांचा एक संघ उभा राहिला. आगीच्या वेळी कोणी कुठे उभे राहायचे, यंत्रे कोणी द्यायची, पट्टे कुठे मोकळे ठेवायचे हे आधीच ठरू लागले. या सहकार्याची कसोटी पुढे लागली. २००७ मध्ये जॉर्जिया-फ्लोरिडात पाच लाखांहून अधिक एकर जळाले. एप्रिल २०११ मध्ये वीज पडून लागलेली हनी प्रेअरीची आग जवळपास वर्षभर धुमसत राहिली आणि तिने तीन लाखांहून अधिक एकर व्यापले. चेसर बेटावरची लाकडी पायवाटही तिच्यात सापडली आणि नंतर पुन्हा बांधावी लागली. २०१७ च्या वेस्ट मिम्स आगीने आणखी दीड लाख एकर व्यापले. प्रत्येक वेळी काठावर माणसे रात्रंदिवस उभी होती आणि आतल्या आगीला आपले काम करू दिले जात होते. उंच भागात लाँगलीफ पाइनची जंगले पुन्हा उभी करण्यासाठी अभयारण्य आता स्वतः आखून आगी लावते. रेड-कॉकेडेड सुतारपक्षी आणि गोफर कासव यांचे जगणे या मोकळ्या पाइन वनांवर अवलंबून आहे.

ट्रेल रिजची लढाई

ट्रेल रिजच्या वाळूत टायटॅनियमची खनिजे आहेत. १९९७ मध्ये ड्युपाँट कंपनीने वरवंडीवर सुमारे ३८,००० एकरांत पन्नास वर्षे खाणकाम करण्याचा प्रस्ताव आणला. देशाचे अंतर्गत खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट स्वतः दलदलीत आले आणि त्यांनी जाहीर विरोध केला. नागरिक, वैज्ञानिक आणि अभयारण्याचे कर्मचारी यांच्या आग्रहापुढे प्रस्ताव मागे पडला. २००३ मध्ये कंपनीने सुमारे १६,००० एकर जमीन द कॉन्झर्वेशन फंड या संस्थेला दान केली.

२०१९ मध्ये अलाबामातील एका खाण कंपनीने दलदलीच्या अगदी जवळ तशाच खाणीसाठी अर्ज केला. प्रश्न पुन्हा पाण्याचा होता. वरवंडीतले भूजल उपसले तर दलदलीची पातळी खाली जाईल, आणि सपाट प्रदेशात काही इंचांचा फरकही निर्णायक ठरतो. जॉर्जिया विद्यापीठाचे जलशास्त्रज्ञ ऱ्हेट जॅक्सन यांनी गणित मांडून दाखवले की दलदलीच्या आग्नेय भागात तीव्र अवर्षणांचे प्रमाण तिपटीने वाढेल. हा भाग सेंट मेरीजच्या उगमाचा. काठावरच्या गावांतील लोक, चर्चमधील मंडळी, मस्कोगी समाज, होडीवाले वाटाडे, विद्यार्थी अशा अनेकांनी सुनावण्यांत आपले म्हणणे मांडले. जानेवारी २०२५ मध्ये अभयारण्याची संपादनासाठीची हद्द सुमारे २२,००० एकरांनी वाढवण्यास मंजुरी मिळाली. जून २०२५ मध्ये द कॉन्झर्वेशन फंडने खाण कंपनीची सुमारे ७,८०० एकर जमीन जवळपास ६ कोटी डॉलरना विकत घेतली आणि तिथल्या खाणीचा प्रश्न मिटला.

आजचे स्थान

आज अभयारण्याचे क्षेत्र चार लाख एकरांहून अधिक आहे. हजारो अ‍ॅलिगेटर, काळी अस्वले, सँडहिल क्रौंच, करकोचे आणि बेडकांच्या कितीतरी जाती इथे नांदतात. सुमारे १२० मैलांच्या जलवाटांवर होड्या फिरतात. वाढणारे गवत आणि पडलेली झाडे काढून या वाटा मोकळ्या ठेवण्यात कर्मचाऱ्यांबरोबर स्वयंसेवकांचाही हात असतो. पश्चिमेकडच्या राज्य उद्यानाला २०१६ मध्ये अंधाऱ्या आकाशाच्या संवर्धनासाठी मानांकन मिळाले. जागतिक वारशासाठीच्या अमेरिकेच्या २००८ च्या संभाव्य यादीतही ओकेफेनोकीचे नाव आले.

या वाटचालीत प्रत्येक पिढीने पाण्याला काही ना काही करायला सांगितले. कालव्याच्या कंपनीने त्याला निघून जायला सांगितले, लाकूड कंपनीने वाट द्यायला, बंधारा बांधणाऱ्यांनी थांबायला, खाणवाल्यांनी खाली उतरायला. अभयारण्याने या सगळ्यांतून एक मार्ग काढला : पावसाने द्यावे, दलदलीने राखावे, नद्यांनी न्यावे, आणि माणसाने त्यात कमीत कमी हात घालावा. ही भूमिका सोपी नाही. तिच्यासाठी मोजमापे ठेवावी लागतात, आगीशी जुळवून घ्यावे लागते, शेजाऱ्यांशी नाते जोडावे लागते आणि वेळ पडली तर आपणच बांधलेला बंधारा उघडावा लागतो. फार्गोच्या पुलाखालून सुवानी आणि सेंट मेरीज गावाच्या धक्क्यावरून तिची धाकटी बहीण आजही काळ्या, निर्मळ पाण्याने वाहतात. येणाऱ्या पिढ्यांतील कर्मचारी, अभ्यासक आणि काठावरचे नागरिक यांच्याकडे हाच वारसा सोपवला जात आहे आणि तो पेलण्याइतकी माणसे या दलदलीने प्रत्येक पिढीत घडवली आहेत.